तोफेच्या हातचं पाणी

नवजात बाळांच्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरला सगळे पाठीमागे ‘तोफ’ म्हणत. देवाधर्माशी तिचं कधी जमलं नाही. वीस वर्षांत तिने कोणाचाच देव वेळेवर आलेला पाहिला नव्हता. ऑक्सिजनचं सिलिंडर तेवढं येई.

त्या दुपारी सातव्या महिन्यातच जन्मलेलं एक बाळ हातचं निसटू लागलं. ऑपरेशन झालेल्या आईला खाटेसकट काचेच्या पेटीपाशी आणलं. बाप्तिस्म्याविना लेकरू गेलं तर देवाच्या दारात परकं ठरेल, या धास्तीने तिचा जीव टांगणीला लागला होता. फादर गावाच्या दुसऱ्या टोकाहून निघाले होते. अडीअडचणीला कोणीही बाप्तिस्म्याचं पाणी कपाळावर घालू शकतं, असं सांगून तिने सिस्टरच्या हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं.

सिस्टरने सवयीने उकळून गार केलेलं पाणी घेतलं, तळहातावर कोमट केलं आणि बाळाच्या कपाळावर तीनदा ओतलं. आई सांगेल तसं ती म्हणाली, “बाळा, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देते.” घटकाभराने आईच्या कुशीतच बाळाने प्राण सोडला.

फादर धापा टाकत आले तेव्हा सिस्टरला राहवेना. तिने त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगून टाकलं: आपण कोणत्याच देवाला मानत नाही, बाळाचं नावही ठाऊक नव्हतं, सगळं वाया तर गेलं नाही ना?

“पाणी घालताना तुमच्या मनात काय होतं?”

“तिला हवं होतं तेच व्हावं, एवढंच.”

फादरांनी बाप्तिस्म्याच्या सामानाची उघडलेली पिशवी बंद केली. “मग झालं, सिस्टर. बाप्तिस्मा देव देतो. आज त्याने तुमचे हात घेतले. यात मला आता काही करायचं उरलं नाही.” मग त्यांनी आईजवळ जाऊन, तुझं लेकरू देवाच्या घरी पोचलं, असं सांगितलं. आई पहिल्यांदाच मोकळी रडली.

मागाहून सिस्टर नियमाप्रमाणे बाळाचं अंग पुसायला बसली. अशी कितीतरी बाळं तिने पुसली होती. हातपाय पुसून झाले, पोट झालं. कपाळ तिने पुसलं नाही.