गळती ऐकणारा

पाणी खात्यात त्याला सगळे कानसेन म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर होतं, ते तिथंच राहिलं. जमिनीखालचा नळ कुठं फुटलाय हे रस्ता न खणता सांगायचं, हे त्याचं काम. त्यासाठी त्याच्याकडे छातीएवढ्या उंचीची पोलादी सळई होती, वरच्या टोकाला पितळेची वाटी. सळई रस्त्यावर टेकवायची, वाटीला कान लावायचा आणि श्वास रोखून उभं राहायचं. नळ फुटला असेल तर खालून एक बारीक, न तुटणारी सीऽऽ येते. सव्वीस वर्षांत त्यानं दाखवलेल्या जागी खणूनही पाणी लागलं नाही असं तीनदाच झालं होतं, आणि ते तिन्ही किस्से तो स्वतःच मीठमसाला लावून सांगायचा.

अशा माणसाच्या स्वतःच्याच कानांत सीऽऽ सुरू व्हावी, याला काय म्हणावं?

आठ महिन्यांपूर्वी तो तापातून उठला तेव्हा ती दोन्ही कानांत वाजत होती. जाईल दोन दिवसांत, म्हणाला. गेली नाही. कानाच्या डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं की वयाच्या मानानं कान ठणठणीत आहेत, आवाज बाहेरचा नाही आणि त्यावर औषधही नाही. झोपेचं खोबरं झालं. जेवताना ती, अंघोळ करताना ती, बायको बोलत असली की बायको आणि ती.

"अहो, बघताय माझ्याकडं आणि ऐकताय तिसऱ्याच कुणाचं," बायको म्हणायची. हसून म्हणायची, पण तिच्याही नाकी नऊ आले होते.

खात्यात मात्र त्यानं ताकास तूर लागू दिली नाही. कळलं असतं तर सळई काढून घेऊन त्याला मीटरच्या नोंदी करायला बसवलं असतं. दुसरं काही त्याला येत नव्हतं आणि यावं असं कधी वाटलंही नव्हतं. त्यानं एक युक्ती काढली. आवाज आला की कान वाटीवरून उचलायचा. थांबला तर नळाचा, चालूच राहिला तर आपला. एकेका जागी दहा-दहा वेळा कान लावायचा, उचलायचा, पुन्हा लावायचा. वेळ लागायचा, पण चूक होत नव्हती.

दूर नोकरीला असलेल्या मुलीनं शेवटी त्याचं नाव एका ऑनलाइन उपचारात घातलं. आठ आठवडे, दर आठवड्याला एक धडा, रोज थोडं लिहायचं, आणि शनिवारी समुपदेशक बाईंचा निरोप. "आवाज कानात आणि इलाज मोबाईलमध्ये!" तो म्हणाला, पण पोरीचं मन मोडवेना. अर्जात व्यवसाय विचारला होता. इंटरनेटवर लिहिलेलं कुठून कुठं जाईल याचा नेम नाही, म्हणून त्यानं लिहिलं, 'कार्यालयीन नोकरी'. या दोन शब्दांनी त्याचा घात केला.

चौथ्या धड्यात प्रश्न होता, आवाज आहे का हे तुम्ही दिवसातून किती वेळा तपासता? त्यानं प्रामाणिकपणे हिशेब केला आणि लिहिलं, तीनशे वेळा. शनिवारी बाईंनी कळवलं, "तीनशे! काका, मग तुमचा मेंदू बिचारा त्याला विसरणार कधी? या आठवड्यापासून तपासणं बंद. आवाज आला की मनाशी म्हणायचं, हा माझाच आहे, यात धोका नाही. आणि हातातलं काम पुढं न्यायचं."

बाई चुकीचं सांगत नव्हत्या. दुसऱ्या कुणालाही हाच सल्ला लाखमोलाचा ठरला असता. पण तो आवाज तपासण्याचाच ज्याला पगार मिळतो अशा माणसाला आपण हे सांगतोय, हे त्यांना कुठं ठाऊक होतं?

आणि गुण आला हो! सहाव्या आठवड्यात एका दुपारी तो पोटभर जेवला, हात धुतले, आणि मग त्याच्या लक्षात आलं की जेवताना सीऽऽ आठवलीच नाही. त्यानं बायकोला हाक मारून सांगितलं. ती ओट्यापाशी उभी राहून डोळे पुसू लागली. इतक्या महिन्यांत त्या घरात एवढा आनंद झाला नव्हता.

बाईंचा निरोप आला तेव्हापासून कामावरही त्यानं कान उचलणं सोडलं होतं. मोठा आवाज आला तर नळ, बारीक आला तर आपला. कागदावर शेरा मारायचा, 'कोरडे', म्हणजे गळती नाही, आणि पुढं जायचं. कामही झपाझप उरकू लागलं.

त्याच आठवड्यात शाळेमागच्या उताराच्या गल्लीत एका शिवणवाल्या बाईंनी त्याला हाक मारली. एकट्याच राहायच्या, मागच्या खोलीत मशीन.

"भाऊ, मागच्या भिंतीला सारखी ओल येतेय. पोपडे सुटलेत. खाली नळ तर फुटला नाही ना?"

त्यानं भिंतीबाहेर सळई टेकवली. सीऽऽ. बारीक. सवयीनं मान वर जाऊ लागली, तशी त्यानं ती आवरली. हा माझाच आहे. यात धोका नाही.

"काही नाही ताई. ओल भिंतीचीच आहे, नळाची नाही."

"तुम्ही म्हणताय म्हणजे झालं," बाई म्हणाल्या. "मला मेलीला उगाच घोर लागला होता."

अकरा दिवसांनी सकाळी ती भिंत खचून आत कोसळली. बाई मशीनवर होत्या. खुब्याचं हाड मोडलं. खणल्यावर खाली वीतभर चीर निघाली, आणि तिच्याभोवती माती धुऊन जाऊन एवढी पोकळी झाली होती की फूट ताजी नाही हे लहान मुलानंही सांगितलं असतं.

खात्यातले साहेब त्याच्या मुलीच्या वयाचे, नवे इंजिनियर. त्यांनी कागद काढून पाहिला. "काका, तुम्ही कोरडं लिहिलंय म्हणजे तेव्हा कोरडंच असणार. माती भुसभुशीत असेल, नंतर फुटला असेल." आणि त्यांनी फाईल मिटली. तो मूग गिळून बसला. त्या दिवशी सीऽऽ अशी परतली की जणू कधी गेलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो इस्पितळात गेला. बाईंच्या पायाला वजन लटकवलेलं होतं.

"तुम्ही कशाला तोंड पाडून बसलात, भाऊ?" त्या म्हणाल्या. "तुम्ही तर बघून गेला होतात. माझंच नशीब फुटकं."

हे मात्र त्याला सोसवेना. "ताई, मला आवाज आला होता."

"कसला?"

"नळाचा. मला वाटलं, माझ्या कानातला आहे. माझे कान वाजतात. आठ महिने झाले."

बाईंनी अंगावरची चादर सारखी केली. ओरडल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मग एवढंच सांगायचं होतं ना, की नक्की कळत नाही," त्या म्हणाल्या. "मी मशीन पुढच्या खोलीत घेतलं असतं."

लाज वाटली, भयंकर वाटली. तो उठला आणि तडक खात्यात गेला. साहेबांच्या टेबलावर सळई आडवी ठेवली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ताप, युक्ती, मोबाईल, समुपदेशक बाईंचा निरोप, सगळं.

साहेब रागावले नाहीत. त्यांनी कपाटातून कागदांचा गठ्ठा काढला. "कान उचलून बघणं कधी सोडलंत?"

"चार आठवडे झाले."

साहेब एकेक कागद बाजूला काढत गेले. कोरडे. कोरडे. कोरडे. एकसष्ट जागा निघाल्या.

"या सगळ्या पुन्हा ऐकायला हव्यात. आजपासूनच." आणि मग त्यांच्या लक्षात आलं. त्या खात्यात ऐकणारा एकच होता. "काका, तुम्हाला जमेल?"

"नाही," तो म्हणाला. त्या टेबलासमोर तो हे पहिल्यांदाच म्हणत होता.

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. मग वरचा कागद उचलला. एका लहान मुलांच्या दवाखान्याचा पत्ता होता. "इथं काय ऐकलं होतंत, आठवतंय?"

त्याला आठवत होतं. तिथंही सीऽऽ आली होती. सगळीकडंच आली होती.