शेंदराखालचा ठराव

मित्रांनो, मी एक जुनी पाण्याची टाकी आहे. पाचोऱ्याच्या वाटेवरच्या एका छोट्या शहरात बारा खांबांवर उभी आहे. दोन लाख लिटर पाणी मी पंधरा मीटर उंचीवर धरते. त्या उंचीमुळेच शेवटच्या गल्लीतल्या सार्वजनिक नळालाही दाब मिळतो. पहिलं पाणी सोडलं तेव्हा लोक नळाला ओवाळत होते. पुढे मला गळती लागली, तेव्हा वर बघायलाही कोणी आलं नाही.

या वर्षी सरकारकडून नगरपरिषदेला पत्र आलं. टाकीच्या मालकीचा कागद बुधवारी दुपारी बाराच्या आत द्या, नाहीतर ती नगरपरिषदेची नाही असं धरून एका कंपनीला चालवायला देऊ. कंपनीच्या आराखड्यात सार्वजनिक नळ नव्हते.

नगरपरिषदेची अभियंता हेमांगी त्या बुधवारी सकाळपासून दप्तर धुंडाळत होती. मला बांधण्याच्या ठरावाचा क्रमांकच कोणाला ठाऊक नव्हता, आणि त्याशिवाय कागद सापडत नव्हता. तो माझ्या पायाशी बसवलेल्या दगडावर कोरला होता. पण दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बायकांनी शेंदूर लावून त्या दगडाचा देव केला होता. टाकीला कोनशिला असणारच हे सुचून साडेदहाला हेमांगी पत्र्याची पट्टी घेऊन आली.

"देवले खरडस का वं?" शेवटच्या गल्लीतली वच्छलाबाई आडवी आली. "तुले पाप लागी!"

"अक्का, हा दगड वाचला नाही तर तुमचा नळ बंद होईल."

वच्छलाबाईने पदर खोचला. मग हात पुढे करून म्हणाली, "आण ती पट्टी. मीच काढस."

पापुद्रे पडत गेले. सव्वाअकराला अक्षरं दिसली: ठराव क्रमांक ४१, सन १९७१. हेमांगी दप्तराकडे धावत गेली. बाराला सात मिनिटं असताना ठरावाची प्रत ईमेलने रवाना झाली. नगरपरिषदेने बांधलेली पाण्याची कामं कायद्याने तिच्याच मालकीची असतात. मी शहराची ठरले.

पण मालकाला देऊन टाकण्याचाही अधिकार असतो. शुक्रवारच्या सभेत काही नगरसेवक म्हणाले, आपल्याला चालवणं झेपत नाही, कंपनीलाच देऊ. हात मोजले. आठ विरुद्ध आठ. निर्णायक मत नगराध्यक्ष प्रेमराज आबांचं. ते चष्मा पुसत बसले.

नागरिकांच्या मागच्या बाकावरून वच्छलाबाई उठली. "आबा, उद्या पानी नही उनं ते मी कोनसंगे भांडू? कंपनीसंगे?"

सभागृह हसलं. आबा हसले नाहीत. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"मनासंगे, या आबासंगे भांड, अक्का," ते म्हणाले, आणि मला राखण्याच्या बाजूने हात वर केला.

मित्रांनो, माझी गळती अजून थांबलेली नाही. वच्छलाबाई दर सोमवारी आबांकडे जाऊन भांडते. तुमच्याही गावात अशी एखादी टाकी असेल. तिचा ठराव शोधून ठेवा, आणि ती गळू लागली तर गप्प बसू नका.