अकराव्या दिवसाची डबी

सहाशे. दोनदा मोजले, दोन्ही वेळा सहाशेच. नागपूरच्या क्षयरोग दवाखान्यात मायक्रोस्कोपवर माझं ते बारावं वर्ष, एकोणऐंशी साल. अंदाजानं आकडा ठोकणाऱ्यांची मला भयंकर चीड आहे, त्यामुळे माझी चूक नव्हती.

बेडका चंपतरावचा होता. वाडीच्या गोदामात पोती उचलणारा माणूस. नवी लाल गोळी लागू पडते की नाही हे पहिल्या दोन आठवड्यांतच कळावं, म्हणून तो एक दिवसाआड डबी आणायचा आणि मी त्यातले जंतू मोजायचो. पहिल्या दिवशी नऊशे. मग चारशे, दीडशे, साठ, वीस. दर वेळी तो विचारायचा, "आज किती जी?" आणि अकराव्या दिवशी हे सहाशे!

डॉक्टर म्हणाले, "गोळी फसली. उद्यापासून बंद, जुनी इंजेक्शनं सुरू करा."

मला पटेना. त्या गोळीच्या रंगानं लघवी लाल येत होती, म्हणजे गोळी पोटात जात होती. वजनही वाढलं होतं. मी त्याला आत बोलावलं.

"चंपतराव, माह्यासमोर खोका बरं."

तो खोकला. डोळ्यांत पाणी आलं, पण डबीत नुसती लाळ.

"निंगत नाही जी."

"मंग सकाळचं कोठून आणलं?"

त्यानं दाराकडे पाहिलं. तिथं त्याची बायको मनकर्णा तोंडाला पदर लावून उभी होती.

"ह्यांचा खोकला सुकला जी, दोन दिवस झाले," ती म्हणाली. "रिकामी डबी पाहून तुम्ही गोळ्या बंद करसान, म्हून म्या माही भरली. माहा काय, साधा खोकला आहे."

"अवं बाई, डोकं ठिकाणावर आहे का? खोकला सुकावा म्हणूनच तर गोळ्या देऊन राहिलो! रिकामी डबी आणली असती तर मी पेढे वाटले असते!"

मी बराच ओरडलो. ओरडता ओरडता ते सहाशे कोणाचे ते माझ्या लक्षात आलं आणि मी थांबलो.

"किती दिवसांचा आहे खोकला?"

"तीन महिने असतीन. दोघंही पडलो तर लेकराईले कोण पाहीन, म्हून बोलली नाही." मग घाईनं म्हणाली, "ह्यांच्या गोळ्या चालू राहतीन न जी?"

"राहतील."

ती चक्क हसली. मला फार वाईट वाटलं. मी कोरी डबी काढली, तिच्यावर मनकर्णाचं नाव घातलं आणि खाली लिहिलं: पहिला दिवस.

चंपतराव त्या नावाकडे बघत राहिला.

"हिचे किती निंगाले जी?"

"सहाशे."

"अन् माहे पहिल्या दिवशी?"

"नऊशे."

त्यानं डबी उचलून बायकोच्या हातात दिली.

"तुह्ये कमीच आहेत वं," तो म्हणाला.