दुपारचं पाणी

पहिल्या तीन टाक्यांतली पिल्लं मेलेली निघाली. चौथीत डोकावायची दाजींना हिंमतच झाली नाही. तिथूनच वळून ते मेहुण्यावर घसरले.

"साबण! साबणाने घासल्यास ना टाक्या?"

"शपथ दाजी, साबणाला हात लावला नाही."

"साबणाला नाही अन् कामालाही नाही. तुझं लक्ष नुसतं उशीवर. संध्याकाळच्या बसने चालू लाग."

समुद्राकाठी दाजींची कालवांची, म्हणजे खायच्या शिंपल्यांची, हॅचरी होती. मोठ्या कालवांची अंडी टाकीत उबवायची आणि पिल्लांनी कवच धरलं की ती कालवं वाढवणाऱ्यांना द्यायची, असा हा वडिलांपासूनचा धंदा. 'दाजी' ते खरे एकट्या मेहुण्याचे. पण त्याच्या हाका ऐकून सगळा किनाराच त्यांना दाजी म्हणू लागला होता. या हंगामातल्या आधीच्या खेपा कवच न धरताच गाळ होऊन तळाशी बसल्या होत्या. ही शेवटची. ही गेली तर शेडला कुलूप.

"माझ्या भावाला हाकलून पिल्लं जिवंत होणार असतील तर खुशाल हाकला," बायको दारातून म्हणाली. मेहुणा पिशवी भरायला गेला.

दाजींनी पाइप बदलले होते, हीटर बदलला होता, पिल्लांचं खाणं बदललं होतं. शेवटी नाइलाजाने शहरातून पाणी तपासणाऱ्या बाईंना बोलावलं होतं. त्या आल्या तेव्हा दाजी पंपाच्या जाळीतला कचरा उपसत होते. बाटल्यांची झाकणं, चपलेचा पट्टा, जाळ्यांचे तुकडे.

"हे बघा!" त्यांनी एक झाकण बाईंच्या नाकासमोर धरलं. "यावरची अक्षरं इथे कोणाच्या बापाला वाचता येत नाहीत. कुठला कोण पाणी पितो आणि झाकण माझ्या जाळीत!"

"हे निदान जाळीत अडकतं," बाई म्हणाल्या. त्यांनी मीटरची कांडी पहिल्या टाकीत बुडवली आणि आकडा बघून मान हलवली. "पाणी आंबट झालंय. जिभेला कळणार नाही, पण पिल्लांना कळतं. कवच धरायच्या आतच विरघळतं."

"आंबट केलं कोणी?" दाजींनी पिशवी भरून आलेल्या मेहुण्याकडे बघितलं.

"त्यांनी नाही हो. गाड्या, कारखाने, सगळ्यांच्या धुरातला वायू समुद्र पितो आणि आंबट होतो. ते पाणी खोल जातं, तळातून फिरत राहतं आणि वारा सुटला की वर्षानुवर्षांनी कुठेतरी वर येतं. तुमच्या पाइपात येतंय ते पाणी शेवटचं उघड्या हवेत होतं, तेव्हा तुमचे वडील पंप चालवत असतील."

दाजींना वडिलांचं डिझेल इंजिन आठवलं. त्याचा काळा धूर लांबच्या होड्यांनाही दिसायचा, आणि वडिलांना त्याचं कोण कौतुक!

"म्हणजे आमच्या बाबांनी...?"

"बाबांचा त्यात एखादा थेंब. बाकी जगाचा."

"आणि आज आपण सोडतोय तो धूर?"

"तो आत्ता खाली निघालाय. तुमच्या नातवंडांच्या पाइपात येईल."

दाजी मटकन उलट्या बादलीवर बसले. "अहो, मग मी भांडायचं कोणाशी?"

बाईंनी मीटरची कांडी पुसली. त्या चौथ्या टाकीकडे गेल्या. मीटर बघितला, थेंबभर पाणी काचेवर घेतलं, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि दाजींना हाक मारली. काचेखाली पिल्लं गरागरा फिरत होती. प्रत्येकाला इवलंसं, स्वच्छ कवच.

"अंडी तीच, खाणं तेच," दाजी पुटपुटले. मग ओरडले, "यात काय टाकलंस रे?"

मेहुण्याने बहिणीकडे बघितलं. तिने डोळ्यांनीच 'बोल' म्हटलं.

"काही नाही टाकलं. त्या दिवशी पहाटे तीन भरल्या आणि डोळा लागला. चौथी दुपारी भरली, तुम्ही बाजारात गेला होतात तेव्हा."

बाई एकदम हसल्या. "बरोबर! खाडीतलं शेवाळ दिवसभर उन्हात हाच वायू खातं. रात्री उलट सोडतं. म्हणून पहाटेचं पाणी सगळ्यात आंबट."

"अहो, पहाटेच भरायचं हा बाबांचा नियम! रात्रभर निवळलेलं, थंडगार!" दाजी कळवळले. "आयुष्यभर अंधारात उठलो मी. याला उठवून उठवून घसा बसला माझा!"

"त्यांच्या वेळी चालत होतं. आता दुपारी भरा. मात्र दुपारही किती वर्षं पुरेल, सांगवत नाही."

मेहुणा पिशवी घेऊन उभाच होता. "दाजी, बस यायची वेळ झाली. जाऊ की राहू?"

दाजींनी त्याच्याकडे बघितलं, चौथ्या टाकीकडे बघितलं. इतका राग आणि तो ठेवायला जागा नाही, असं त्यांचं कधी झालं नव्हतं.

"ठेव ती पिशवी. उरलेल्या कालवांची अंडी परत लावायची आहेत. आणि उद्या पहाटे उठलास तर याद राख!"

दुसऱ्या दिवशी दाजींना सवयीने अंधारातच जाग आली. ते शेडमध्ये गेले, हात पंपाच्या बटणापर्यंत नेला आणि मागे घेतला. मग बादलीवर बसून, आतून येणारं मेहुण्याचं घोरणं ऐकत, उन्हाची वाट बघत चरफडत राहिले.