यादी आत न्यायची नाही

ऑपरेशन थिएटरच्या इन्चार्ज सिस्टरला सकाळपासून पाणी प्यायलाही फुरसत नव्हती, आणि खरं सांगायचं तर तिला ती नकोच होती. आज रंगीत तालीम होती. मागच्या साथीत सर्जरी विभागाला सरसकट टाळं लागलं होतं. पुढच्या साथीत निदान एक थिएटर चालू ठेवता येतं, हे आज मोठ्या साहेबांना करून दाखवायचं होतं. जमलं नाही, तर पुन्हा टाळं.

पेशंट म्हणून स्ट्रेचरवर तिचा सख्खा दादा होता. मागच्या वेळी त्याच्या पायाच्या शिरेचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात, पुढच्या आठवड्यात म्हणत दहा आठवडे लांबलं आणि पाऊल कापावं लागलं. ती याच विभागात असूनही तिचं काही चाललं नाही. ते तिला अजून खात होतं.

दादा मात्र हात उशाला घेऊन खुशाल पडला होता.

"जरा आजारी दिस की," ती म्हणाली.

"पगार देणार असशील तर कण्हतोसुद्धा."

त्याच्या चादरीवर पावडर टाकली होती. एरवी दिसत नाही, निळ्या दिव्याखाली चमकते. हेच आजचे जंतू. स्वच्छ खोलीत एक ठिपका सापडला, की तालीम फसली.

मागच्या लिफ्टने स्ट्रेचर वर आलं. डोक्यापासून पायापर्यंत झाकणाऱ्या संरक्षक सूटमध्ये सगळे सारखेच दिसतात, म्हणून छातीवर मार्करने नावं लिहिली होती. जाड भिंगांच्या भूलतज्ज्ञ बाईंनी हौसेने 'दुर्बीण' लिहून घेतलं होतं. खोटं ऑपरेशन झोकात पार पडलं. मग सूट उतरवण्याची खरी कसोटी. सिस्टर डोळ्यांत तेल घालून एकेकाकडे बघत सूट उतरवण्याच्या पायऱ्यांच्या यादीवर खुणा करत होती. शेवटी तीही बाहेर आली.

साहेबांनी दिवा फिरवला. सर्जन स्वच्छ, दुर्बीणबाई स्वच्छ, सिस्टरचा चेहराही स्वच्छ.

"शाबास. आणा ती यादी, सही करतो."

तिने हातातली यादी पुढे केली आणि तशीच मागे घेतली. यादी सगळा वेळ आत होती. कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. काचेपलीकडून दादा बघत होता.

"साहेब, यादीवर दिवा मारा."

कागदाच्या कोपऱ्यावर अंगठा लख्ख उमटला होता.

"म्हणजे फसली," साहेब म्हणाले.

"फसली. पण आत्ताच पुन्हा घ्या. यादी आत न्यायचीच नाही. मी आतून सांगेन, काचेबाहेरच्याने खुणा करायच्या."

सर्जनने तोवर नवा सूट ओढायला घेतलाही होता. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "पाऊण तास."

बेचाळीस मिनिटं लागली. दिव्याखाली काही चमकलं नाही, यादीसुद्धा नाही. साहेबांनी सही केली: साथ आली तरी एक थिएटर चालू. सर्जनने चक्क शिट्टी वाजवली.

सिस्टर धावत दादाकडे गेली. तो उठून बसला होता.

"एका दिवसात दोन ऑपरेशनं," तो म्हणाला. मग हळूच, "लागला म्हणायचा माझा नंबर."

तिला रडू आवरेना. तोंड लपवायला तिने त्याची चादर ओढली.

"थांब," दादाने तिचा हात धरला, "पावडर आहे."