मोरपिशी चाक

"हे बघा," टेलरबाईंनी चष्मा कपाळावर सारला आणि पांढऱ्या शर्टाची कॉलर नवऱ्याच्या नाकासमोर धरली. "काय आहे हे?"

फिटरनं कॉलर उजेडाकडे फिरवली. टोकाजवळ अंगठ्याएवढा राखाडी डाग होता.

"तेल असेल."

"तेल पिवळं असतं. पस्तीस वर्षं तुमचे कपडे धुतेय मी, तेल मला नका शिकवू."

"मग पेन्सिल."

"मी खडूनं खुणा करते." बाईंनी उजवा हात उलटा करून दाखवला. अंगठ्याच्या उंचवट्यावर पेन्सिलीचं शिसं चोळल्यासारखा काळपट पट्टा होता. "मशीनला तुम्ही लावलेलं चाक आहे हे."

त्या चाकाला कुणी नावं ठेवलेली फिटरला खपत नसत, पण पुरावा बायकोच्या तळहातावर होता.

बस डेपोतून निवृत्त होऊन त्याला सहा वर्षं झाली होती, तरी गल्लीत तो अजून फिटरच होता. बायकोला मात्र सगळे टेलरबाई म्हणत. घरात माणसं दोन आणि आदरार्थी बहुवचन एकालाच. त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. मागच्या खोलीत त्याचा जुना, छोटा लेथ होता. त्यावर तो शेजाऱ्यांच्या पंख्याचे बुश, दाराच्या मुठी असलं काहीबाही कातत बसे आणि सुखात असे.

तीन आठवड्यांपूर्वी बाई बटणं आणायला गेल्या असताना त्यानं त्यांच्या पायमशीनला तेल घालायचं ठरवलं. कुणी सांगितलं नव्हतं. मशीन मागे कलंडवलं, टेकू द्यायला विसरला, आणि मशीन निसटून उजव्या अंगाचं चाक फरशीवर आपटलं. बिडाचं ओतीव लोखंड ते, वाकत नाही, तुटतं. बाई परत आल्या तेव्हा तो चाकाचे दोन तुकडे मांडीवर घेऊन बसला होता.

"बोटं शाबूत आहेत ना तुमची?" एवढंच त्या म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

त्या मशीनचं चाक बाजारात मिळेनासं होऊन जमाना लोटला होता. फिटरनं भंगारवाल्याकडून ॲल्युमिनियमचा जाड तुकडा आणला, लेथवर धरला आणि तीन दिवसांत नवं चाक कातून काढलं. पट्ट्याची खाच अचूक, मधलं भोक केसाइतकंही ढिलं नाही. पण खरी गंमत पुढेच होती. बाईंचा उजवा खांदा दोन वर्षांपासून धरला होता. शिवण सुरू करताना चाक हातानं पुढे लोटायचं, संपताना हातानंच थांबवायचं. बिडाच्या त्या धोंड्याशी दिवसातून हजारदा झटापट. डॉक्टरांनी शिवण बंद करायला सांगितलं होतं आणि बाईंनी ते अर्धं ऐकलं होतं. उसवलेलं शिवून दे, पँटची उंची कमी कर, एवढंच करत. नवं चाक बसवलं त्या दिवशी त्यांनी एक बोट लावलं आणि हात मागे घेतला.

"अहो, हे तर बोटानं फिरतंय."

त्या दिवशी त्यांनी जुनी चादर उगाचच चारही बाजूंनी शिवून काढली. आठवड्याच्या आत शाळेतल्या गाण्याच्या बाईंकडून, पोरांच्या गाणंबाईंकडून, बावीस पांढरे शर्ट शिवायला घेतले. समूहगानाचा कार्यक्रम होता. दोन वर्षांतलं पहिलं मोठं काम. त्यातला हा पहिलाच शर्ट.

"साबणानं जाईल डाग," फिटर म्हणाला.

"नवा शर्ट धुऊन देऊ? कोरा तो कोरा."

"मग जुनं चाक जोडून बघतो."

"बिडाचा जोड टिकत नाही, हे तुम्हीच सांगत असता. आणि टिकला तरी तो धोंडा मला परत नको." बाईंनी शर्टाची घडी घातली. आवाज खाली आला. "नाहीच जमलं तर गाणंबाईंना सांगते, दुसरीकडे बघा म्हणून. अजून नऊ दिवस आहेत त्यांच्या हातात."

फिटरला माहीत होतं, हे शर्ट परत गेले की बाई पुन्हा असलं काम घरात घेणार नाहीत.

त्या दुपारी त्यानं चाक काढून नेलं. आधी जाड पॉलिशपेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक, शेवटी पॉलिशची पेस्ट आणि जुना बनियन. चाक आरशासारखं झालं. बाईंनी पांढऱ्या चिंधीनं ते पुसलं. चिंधी काळी.

"आता माझं तोंडही दिसतं आणि डागही पडतो," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यानं पारदर्शक लॅकर मारलं. ते एक दिवस टिकलं. दुसऱ्या दिवशी जिथं हात लागतो तिथंच त्याचे पापुद्रे सुटले आणि खिशाच्या शिलाईत कोंड्यासारखे अडकले. मग मेण चोळलं. हाताच्या उबेनं ते दुपारपर्यंत बोटांवर आलं. शेवटी त्यानं चाकाला आपला पायमोजा चढवला. बाईंनी मशीनचं पायडल दाबलं, पट्ट्यानं मोजा ओढला, मोज्यानं पट्टा ओढला आणि मशीन घशात काही अडकल्यासारखं थांबलं. बाई इतक्या हसल्या की त्यांना टेबल धरावं लागलं. फिटर हसला नाही. चार दिवस गेले होते आणि हाताला कापड गुंडाळून बाईंनी जेमतेम तीन शर्ट केले होते.

पाचव्या दिवशी सकाळी तो ॲसिडभाऊकडे गेला. ॲसिडभाऊ डेपोच्या बॅटरी खोलीत तीस वर्षं होता आणि त्याच्या एकाही पँटला भोक पडायचं राहिलं नव्हतं. डागाचं सगळं ऐकून त्यानं चाक हातात घेऊन वजन केलं, मग आपला तळहात पाहिला.

"उघडं ठेवलंयस होय रे हे? ॲल्युमिनियमवर आपोआप एक साय धरते, दुधावर धरते तशी. पातळ असते. हात घासला की निघते, पुन्हा धरते, पुन्हा निघते. वहिनींच्या कॉलरवर तीच बसतेय."

"मग करू काय?"

"साय जाड करायची. आम्लात बुडवून वीज सोडायची. मग काचेसारखी कडक होते, नखानं निघत नाही. आपल्याकडं चार्जर होता ना, त्यानं मी एकदा मोटरसायकलचं झाकण केलं होतं."

"चांगलं झालं होतं?"

"झाकण चांगलं झालं. पँट गेली."

दुपारी दोघं मागच्या अंगणात प्लॅस्टिकची बादली मांडून बसले. डोळ्यांवर चष्मे, हातात कोपरापर्यंत रबरी मोजे. ॲसिडभाऊनं आधी पाणी ओतलं, मग आम्लाची बारीक धार सोडली.

"पाण्यात आम्ल. आम्लात पाणी कधीच नाही. नव्या पोरांना तीस वर्षं हेच सांगत आलो."

"आणि पँटींना?"

"पँटींनी कधी ऐकलं नाही."

चाकाच्या मधल्या भोकात फिटरनं रबरी बूच मारलं, म्हणजे तिथं साय चढून माप बिघडायला नको. मग चाक साबणानं, सोड्यानं आणि पुन्हा पाण्यानं धुतलं. धुऊन झाल्यावर त्यानं एका हातातला मोजा काढला आणि सवयीनं अंगठा कडेवर फिरवायला गेला. चाळीस वर्षं तो अंगठाच त्याचं मोजमाप होता. ॲसिडभाऊनं त्याच्या हातावर चापटी मारली.

"आता हात लावायचा नाही. बोटाचं तेल लागलं की तिथं साय धरणार नाही."

"मग बरोबर झालंय हे कळणार कसं?"

"विश्वास ठेव. बायकोवर ठेवतोस तसा."

चाक तारेला टांगून बादलीत सोडलं, दोन बाजूंना शिशाचे पत्रे, ॲसिडभाऊनं आणलेला बॅटरीचा चार्जर सुरू. काहीच झालं नाही. दोघं दोन म्हाताऱ्या बगळ्यांसारखे बादलीत बघत उभे. तार ढिली होती. ती घट्ट बसवली आणि शिशाच्या पत्र्यावर बुडबुडे फुटू लागले. तासाभरानं चाक वर आलं तेव्हा फिटरचा चेहरा पडला. इतकं करून ते फक्त किंचित मंद दिसत होतं.

"झालंय," ॲसिडभाऊ म्हणाला. "आता त्याला बारीक छिद्रं असतात, कापडासारखी. रंग टाकलास तर पिऊन घेईल. नाहीतर नुसतं उकळून छिद्रं बंद करायची. रंग आणलायस ना?"

फिटरनं कपडे रंगवायच्या रंगाची पुडी आणली होती. त्यानं ती डब्यातल्या गार पाण्यात उपडी केली आणि काठीनं ढवळायला लागला. गुठळ्या वर तरंगल्या.

"थांबा."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाई मघापासून बघत होत्या. आता त्या पदर खोचून अंगणात आल्या. "कापडासारखी छिद्रं म्हणालात ना भाऊजी? मग ते कापडच झालं. आणि कापड असं रंगवतात? ठिपके उठतील चाकभर."

"वहिनी, हे मेटलचं काम आहे," ॲसिडभाऊ म्हणाला.

"मेटलचं तुमचं झालं. व्हा बाजूला."

दोघं बाजूला झाले. बाईंनी तो रंग ओतून दिला. गुठळ्या झालेला निळा रंग कुणाला हवाय, असं काहीतरी पुटपुटत त्या आत गेल्या आणि आपल्या कपाटातून दोन पुड्या घेऊन आल्या. तीस वर्षं त्या अस्तरं आणि दोरे त्यातच रंगवत होत्या. कोमट पाण्यात थोडा रंग कालवला, मलमलीतून गाळला, जुन्या पातेल्यात मंद आचेवर ठेवला. मग दुसऱ्या पुडीतली चिमूट, पुन्हा गाळणं. पांढरी चिंधी बुडवून उजेडात धरली आणि मान हलवली. अजून चिमूट.

"उकळी नाही येऊ द्यायची. हाताला सोसणार नाही इतपतच गरम. आणि माल आधी ओला हवा, नाहीतर रंग उडी मारून एकाच जागी बसतो. द्या."

फिटरनं तारेनं धरलेलं चाक त्यांच्या हाती दिलं. बाई ते रंगात सावकाश खालीवर, खालीवर करत राहिल्या. खांद्याचं नाव नाही. आकडे मनातल्या मनात मोजत होत्या, ओठ हलत होते. फिटरला एकदम जाणवलं, की पस्तीस वर्षांत या बाईला काम करताना आपण असं उभं राहून कधी पाहिलंच नव्हतं. नोकरीत असताना तो घरी यायचा तेव्हा मशीनवर झाकण पडलेलं असायचं, आणि निवृत्तीनंतर तो मागच्या खोलीत लेथवर असायचा.

त्यांनी चाक वर काढून पाण्यातून खळबळलं. मोरपिशी रंग, एकसारखा, कुठं ओघळ नाही. उन्हात निळा दिसे, सावलीत हिरवा.

ॲसिडभाऊनं टोपी काढली. "वहिनी, तुम्ही डेपोत असतात तर आम्ही घरी बसलो असतो."

मग पातेल्यात साधं पाणी उकळवून चाक अर्धा तास त्यात ठेवलं. ते पातेलं पुन्हा स्वयंपाकघरात आणायचं नाही, असं बाईंनी दोघांनाही दोनदा बजावलं.

चाक गार झाल्यावर खरी परीक्षा बाईंनी घेतली. कोरडी पांढरी चिंधी घासली. ओली घासली. साबण लावून घासली. प्रत्येक चिंधी खिडकीपाशी नेऊन चष्म्यातून आणि चष्म्यावरून पाहिली. फिटर नापास व्हायच्या तयारीनं उभा होता.

"पक्का आहे," बाई म्हणाल्या आणि मशीनवर जाऊन बसल्या.

चार दिवसांत अठरा शर्ट, आणि डाग पडलेल्या पहिल्या शर्टाला नवी कॉलर. बाई शिवत, उरलेलं दोघांकडे आलं. ॲसिडभाऊ काजं कापायला बसला, आणि त्यातलं एकही वाकडं निघालं नाही, याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं. फिटर बटणं लावी. प्रत्येक बटण तो नटासारखा आवळून बघे.

"अहो, बटण आहे ते, बसचं चाक नाही. दोऱ्याला थोडी जागा सोडा, नाहीतर काजात जाणार नाही."

"प्ले ठेवायचा म्हण की."

"तुमच्या भाषेत काय म्हणायचं ते म्हणा."

गाणंबाई शर्ट न्यायला आल्या तेव्हा बावीसच्या बावीस घड्या मेजावर रचलेल्या होत्या. त्यांनी वरचा शर्ट उलगडला, शिवण उलटून पाहिली, कॉलरला हात लावला. मग त्यांचं लक्ष मशीनकडे गेलं.

"हे चाक कुठून आणलंत? किती सुंदर आहे."

"आमच्याकडे बनतं," बाई म्हणाल्या, आणि दोघा म्हाताऱ्यांकडे न बघता पुढे म्हणाल्या, "तिघं मिळून करतो."

कार्यक्रमाला तिघांना पहिल्या रांगेत बसवलं होतं. पोरं कशी गायली हे फिटरला नीटसं सांगता आलं नसतं. ॲसिडभाऊ मात्र शेवटच्या गाण्याला सगळ्यांच्या आधी उठून टाळ्या वाजवू लागला. गाण्याचं अजून एक कडवं बाकी होतं. मग पोरांनीही हसत हसत ते कडवं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी पांढऱ्या कापडाचा उरलेला तुकडा मेजावर पसरला आणि गळ्यात मापाची फीत टाकली.

"इकडे या. उभे राहा."

"पांढरा? मला?" फिटर म्हणाला. जन्मभर त्यानं निळे आणि खाकी शर्ट घातले होते.

"कापड पुरतंय. हात खाली सोडा."

त्यांनी मापांची वही उघडली. त्याचं पान शोधायला बरीच पानं उलटावी लागली. कागद पिवळा पडला होता. छाती बेचाळीस, असं त्यांच्याच तरुण अक्षरात लिहिलेलं होतं. त्यांनी फीत त्याच्या पाठीमागून घेऊन पुढे जुळवली आणि क्षणभर तशीच धरली. मग वहीत त्या आकड्याखाली एकोणचाळीस लिहिलं.

"किती भरली?" त्यानं विचारलं.

"शर्टाला लागेल तेवढी."

फिटरनं पोट आत घेतलं आणि खांदे मागे ओढले.

"श्वास सोडा," बाई म्हणाल्या. "आहात तसे उभे राहा."

त्यानं श्वास सोडला, आणि त्यांनी फीत पुन्हा गळ्यापासून लावली.