निळ्या रसातला अंगठा

महाळुंगे पडवळच्या पारावर त्या दिवशी मुंगी शिरायला जागा नव्हती. साल दोन हजार सहा. निळेबाबा नावाचा एक बुवा ‘अमेरिकेचं अमृतफळ’ घेऊन आला होता: ब्लूबेरी.

“या फळाच्या रसाला रक्तातलं विष दिसतं, माऊली,” बाबा म्हणाला. “उजवा अंगठा बुडवा.”

माझा चुलतभाऊ गेणभाऊ यानं वाटीतल्या जांभळ्या रसात अंगठा बुडवला. रस हिरवट झाला. मग एका लहान मुलीनं ताज्या वाटीत बुडवला, तर रस जांभळाच राहिला. “लेकरू निर्मळ,” बाबा म्हणाला. झालं, लोक बाबाच्या रसाच्या बाटल्यांवर तुटून पडले.

गेणभाऊला जुना मधुमेह, पायाच्या बोटाला जखम. रसावर भरवसा ठेवून त्यानं गोळ्या बंद केल्या. मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो, पण घरात मला कोण विचारतं?

“भावजी, तुमी नुसतं बोलता. त्यांनी रंग दावला,” गेणभाऊची बायको, लंकाबाई वहिनी म्हणाल्या. मी कपाळावर हात मारून घेतला.

महिन्यानं बाबा परत आला. पायाचं बोट काळं पडलं होतं, तरी गेणभाऊ लंगडत रांगेत उभा. उभ्या उभ्या त्यानं चुना लावून तंबाखू मळली. मळणारा अंगठा उजवा. मी तिथंच चमकलो.

“दादा, आधी डावा बुडव.”

रस जांभळाच राहिला. उजवा बुडवला, हिरवट.

“बाबा, विष काय एकाच हातात असतं?”

“डावा हात अपवित्र. त्यातलं विष रसाला दिसत नाही,” बाबा म्हणाला.

मी बाजारातली जांभळं वाटीत कुस्करली, त्यात चिमूटभर चुना टाकला. तोही रस हिरवट झाला. अशा जांभळ्या रसाला चुना लागला की रंग बदलतोच. रक्ताचा काही संबंध नाही. तंबाखू खाणारे सगळे विषारी, पोरं तेवढी निर्मळ! बाबानं गाठोडं आवरलं.

“मंग मी पीत काय व्हतो?” गेणभाऊनं विचारलं.

मी बाटलीतला रस चाखला. निव्वळ साखरेचा पाक.

गेणभाऊचं पायाचं बोट कापावं लागलं. दवाखान्याच्या ओट्यावर वहिनी म्हणाल्या, “दोन बाटल्या उरल्यात. पोरान्ला देऊ का? फळ तर चांगलं हाय म्हनं.”

राग गिळून मी सांगितलं, “फळ चांगलंच आहे, वहिनी. त्यात चोथा आहे, जीवनसत्त्वं आहेत. आपल्या जांभळा-करवंदांतही ती आहेत. भाजी-भाकरीबरोबर मूठभर खावं. पण कुठलंही फळ गोळीची जागा घेत नाही. आणि बाटलीत फळ नाही, पाक आहे. ओतून द्या.”

मग डॉक्टर बाहेर आले, तेव्हा वहिनींनी उठून विचारलं, “गोळी जेवनाआधी द्यायची का नंतर?”

हाच प्रश्न महिन्यापूर्वी विचारला असता, तर बोट वाचलं असतं.